सातबारा टूर

माह्या बेस ड्रमच्या आतल्या बाजूनं मार्करनं एक तारीख लिहिलेली आहे. सतरा मे. बाहेरून कोणाले दिसत नाई, पण मले माहीत आहे. पाच वर्षांपहिले त्या दिवशी माहा मोठा भाऊ शुभम नागपूरवरून टेम्पो घेऊन आला. त्या टेम्पोत रोज आमच्या वावरातल्या वांग्याचे क्रेट जात. त्या दिवशी त्याच्यात ड्रमसेट होता. जुना, कोणाचा तरी वापरलेला, एका झांजेले तडा गेलेला, पण ड्रमसेट होता. बोरगाव मेघेत आमच्या लाइनीतल्या बायका दारात येऊन पाहून राह्यल्या होत्या. एकीनं तं तोंडावरच म्हणलं, "माय वं! आता पोट्टीले वरातीत वाजवायले पाठवता काय?" शुभमनं तिच्याकडं पाह्यलंबी नाई. मले म्हणे, "वाजव बिनधास्त. कोणी काही म्हणलं तं मले सांगजो."

त्या एका वाक्यावर मी पाच वर्षं उडत होती. खोटं कायले बोलू? बाबाले जाऊन तवा वर्षच झालं होतं, घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, अन् माह्या भावानं मले ड्रम आणून देल्ला. आई तं पदर तोंडाले लावून रडली होती. प्रत्येक कार्यक्रमात मी माईकवर हे सांगे. लोकं टाळ्या वाजवत. कोणाची बहीण असंन तं ती बाजूच्या भावाले कोपर मारे.

आमच्या बँडचं नाव भेदरं. भेदरं म्हणजे टमाटे, ज्याले माहीत नाई त्याचं नशीब. आदेश गातो अन् गिटार वाजवतो. आचल बेस वाजवते अन् सगळ्याईले शिव्या देते. अन् मी, मोहिनी अण्णाजी झाडे, मागं बसून हाणते. गाणी आमचीच, भाषाबी आमचीच. 'मले'चं 'मला' करा, मंग मोठ्या शहरात चालंन, असं एकानं सांगितलं होतं. आचलनं त्याले जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाई.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही जिल्ह्यात पाच कार्यक्रम घेतले. वर्ध्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या वर, कुत्रं सावलीतून उठत नाई अन् हे भैताड टूर करून राह्यले, असं घरोघरी बोलणं झालं. पण सुट्टीतले पोट्टे गावात उन्हाळ्यातच भेटतात. कल्पना आदेशची होती. तो म्हणे, प्रत्येक ठिकाणी गाण्याच्या पहिले त्या जागेचा सातबारा सांगू. म्हणजे जागा कोणाची होती, तिथं काय चाले, मंग काय झालं. टूरचं नावच ठेवलं सातबारा टूर. जागेची माहिती काढायचं काम माह्यावर आलं, कारण मले लोकाईले खोदून खोदून इचारायची खोड आहे.

अन् काय काय भेटलं बाप्पा! हिंगणघाटले एका बंद जिनिंगच्या शेडात वाजवलं. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानं सांगितलं, कापसाच्या गाड्याईची लाइन तीन तीन दिवस हलत नसे, मंग शेजारच्या गाडीवाल्याशी बोलता बोलता सोयरिकी जमत. त्यानं बोटावर मोजून अकरा लग्नं सांगितली. पुलगावले बंद पडलेल्या टॉकीजमध्ये वाजवलं. तिथं रीळ तुटली का मशीनवाला स्वतः खिडकीतून तोंड काढून गाणं पुरं करे. त्याचा पोरगा पहिल्या रांगेत बसून होता, बापाचं नाव घेतलं तं उभाच राह्यला. सिंदी मेघेले ज्या पटांगणात वाजवलं तिथं पहिले बैलबाजार भरे. मी सांगितलं का इथं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत, तोंडानं एक शब्द नाई, तं मागून एक बुढा ओरडला, "अन् बोटं दाबून फसवतबी होते, ते सांग!" सगळे हसले. मीबी हसली.

चौथा कार्यक्रम आष्टीले होता, बाजाराच्या मैदानावर. आष्टीत माही धुरपता आत्या राहते, बाबाची मोठी बहीण. दुपारी आम्ही तिच्याच घरी जेवायले. आष्टीच्या जागेची माहिती काढायची गरजच नाई. बेचाळीस सालच्या चळवळीतल्या गोळीबाराचं तिथं चहावालाबी तारखेसकट सांगते. म्हणून मी आत्याले भलतंच इचारलं. शेवटचा कार्यक्रम सतरा मेले, आमच्याच लॉनवर होता. बोरगाव मेघेचं आमचं भाजीपाल्याचं वावर, त्याच्यावर दोन वर्षांपहिले शुभमनं लग्नाचं लॉन काढलं अन् बाबाचं नाव देल्लं, अण्णाजी लॉन. मी म्हणलं, "आत्या, तू तिथं लहानाची मोठी झाली. आपल्या वावराचा सातबारा सांग."

आत्या पोळ्या वाढता वाढता सांगू लागली. विहीर तिच्या बापानं खोदली, माती तिनं डोक्यावर वाहली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, असा येई का वर्ध्याच्या बाजारात पोतं सोडलं का वासानं गिऱ्हाईक जमे. मंग म्हणे, "माहाबी हिस्सा होता त्याच्यात."

"मंग?"

"मंग काय? तुह्या बापानं मांगतला. याच ओसरीत बसून. लय वेळ खाली पाहून होता. मंग म्हणे, 'धुरपते, देतं काय?' मी म्हणलं, घे बाप्पा. हक्कसोडीवर सही केली, त्यानं साडीचोळी केली." तिनं पेटीकडं बोट केलं. "हिरवी आहे. अजून ठेवली आहे म्या. इचारलं होतं पोरानं, म्हणून ठेवली."

आचलनं डोळे मोठे केले. तिच्या घरी वावर नाई, तिले हे माहीत नव्हतं. आमच्याकडं बहिणीनं बापाच्या वावरातला हक्क सोडायचा, भावानं तिले साडीचोळी करायची, अन् दोघाईनं हसतमुखानं जेवायले बसायचं. कायद्यात बहिणीचा हिस्सा आहे, पण जिनं घेतला तिले माहेर राहत नाई, असं समजतात.

आत्यानं मले इचारलं, "अन् तुले काय केलं शुभमनं?"

"मले कायले करीन? माहं नाव आहे ना सातबाऱ्यावर. बाबा गेल्यावर आम्ही तिघंबी गेलतो हापिसात, नावं चढवायले."

आत्याचा हात पोळीवर थांबला. "चढवायले," म्हणे. बस, एवढंच. मंग माह्या ताटात न मांगता आणखी एक पोळी टाकली अन् इचारलं, "मेघाच्या घरचे लॉन पाहायले कवा येते?" मेघा म्हणजे शुभमची होणारी बायको. मी म्हणलं, सतरालेच येऊन राह्यले, कार्यक्रम पाहायले. आत्या हूं म्हणाली अन् आत गेली.

त्या संध्याकाळी मी दोन गाण्यात ताल चुकली. आदेशनं मागं वळून पाह्यलं. मी असं कधी चुकत नाई.

दुसऱ्या दिवशी आदेशच्या घरी पोस्टरचं काम होतं. आदेश म्हणे, शेवटच्या पोस्टरवर खराच सातबारा छापू, आपल्या ड्रमरच्या घरचा आहे, कोण बोंबलते? आचलनं फोनवर काढला. आता सगळं फोनवर निघते. ती वाचत होती, वाचता वाचता गप झाली. आचल गप झाली म्हणजे काहीतरी झालं.

"मोहिनी, तुहं नाव कुठी आहे?"

"खाली असंन."

"खाली नाई."

मी फोन ओढून घेतला. एकच नाव होतं. शुभम अण्णाजी झाडे. मंग आचलनं फेरफार काढला, म्हणजे नाव कवा अन् काऊन बदललं त्याची नोंद. तिच्यात लिहिलं होतं का नलू अण्णाजी झाडे व मोहिनी अण्णाजी झाडे यांनी नैसर्गिक प्रेमापोटी व विनामोबदला, शुभम अण्णाजी झाडे यांचे लाभात हक्कसोडपत्र करून दिल्याने त्यांची नावे कमी करण्यात आली. नलू म्हणजे माही आई. हक्कसोडपत्राची तारीख चौदा मे. पाच वर्षांपहिलेची.

चौदाले सही. सतराले ड्रम.

मले ते हापीस आठवलं. मी एकोणीस वर्षांची. शुभम म्हणे, बाबाच्या जागी आपली नावं चढवायची आहेत, आधार कार्ड घे. तिथं फोटो काढला, मशीनवर अंगठा घेतला. टेबलावरच्या बाईनं इचारलं, "वाचलं ना? मान्य आहे ना?" तिनं बरोबर इचारलं होतं, तिची काही चूक नाई. मी शुभमकडं पाह्यलं, त्यानं मान हलवली, मंग मीबी हलवली. वाचता येते मले! तवा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले होती. पण सोबत भाऊ होता, कागद कायले वाचू? नाव चढवायले गेली अन् उतरवून आली. अन् तीन दिवसांनी गल्लीभर नाचली.

राग आला, पण पहिले लाज वाटली. चार गावच्या लोकाईसमोर मी माईकवर त्या ड्रमची आरती ओवाळली होती.

घरी आली तं आई सांबार निवडत होती. विकतचा. मी उभ्यानंच इचारलं, "आई, चौदा मेले मी कायच्यावर सही केली?"

कायची सही, कवाची सही, असं ती म्हणली असती तं मी कदाचित बसली असती. ती म्हणे, "बाप्पा! तुले कोणी सांगितलं?"

"म्हणजे तुले माहीत होतं."

"मीबी सोडला ना माहा! सगळ्याच सोडतात. उद्या तुहं लग्न होईन, जावई कसा निघंन कोणाले ठाऊक? दावा टाकला तं? शुभमले झोप नव्हती लागत." मंग तिले वाटलं आता चांगली गोष्ट सांगू. ती जरा हसलीबी. "थो तं साडीच आणत होता तुले. मीच म्हणलं, साडी काय नेसते थे? तिले थे ढोल आणून दे. पोरीले खाली हातानं ठेवू नोको."

मंग मले समजलं, आई त्या दिवशी पदर तोंडाले लावून काऊन रडली होती. मी पाच वर्षं ते आनंदाचे आसू समजून होती. असं वाटलं का घरातला प्रत्येक माणूस माह्याकडं पाहून पाच वर्षं गालातल्या गालात हसला. तसं कोणी हसलं नसंन, पण मले तसंच वाटलं.

दोन दिवस मी जेवली नाई अन् बोललीबी नाई. आदेश म्हणे कार्यक्रम रद्द करू. मी म्हणलं, नाई, जागेचा सातबारा सांगायचा ठरला आहे, सांगू.

सतराले चार वाजता मी लॉनवर गेली. शुभम स्वतः खुर्च्या लावून राह्यला होता. मले पाहून हसला. म्हणे, "आज तुह्या ड्रमचा वाढदिवस ना? केक सांगितला आहे म्या."

"साडीचोळीचा वाढदिवस असते काय, दादा?"

खुर्ची त्याच्या हातातच राह्यली. आईनं त्याले सांगितलं नव्हतं, हे मले त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. मंग तो मोठ्यानं बोलू लागला, चुकलेला माणूस बोलते तसा. "तुले काय कमी केलं म्या? फी भरली. ड्रम आणला. सारी दुनिया नावं ठेवे तवा कोण उभा होता तुह्या मागं? लॉनचं तवाच डोक्यात होतं, कर्ज काढायले एकाच नावावर पाहिजे होतं. बाहेरच्याले देल्लं काय म्या?"

"मांगतलं काऊन नाई?"

"आं?"

"माह्या बापानं आत्याले मांगतलं होतं. तू मले मांगतलं असतं तं म्या आंधळ्यावाणी सही केली असती. साडी नोको, ड्रम नोको, काहीच नोको. तुह्यासाठी म्या काय नसतं देल्लं रे? तू नुसतं तोंडानं इचारायचं होतं. नाव चढवायचं आहे म्हणून कायले सांगितलं?"

तो हळूच म्हणे, "नाई म्हणली असती तं?"

हे ऐकून मले जे झालं ते सातबारा पाहूनबी झालं नव्हतं. मी नाई म्हणंन, असं त्याले वाटलं होतं! मी त्याले देव समजत होती अन् तो मले एका सहीपुरतंबी ओळखत नव्हता.

"मोहिनी, मेघाच्या घरचे येऊन राह्यले," तो म्हणे. "स्टेजवर नोको बोलू. आज तुह्या भावाची इज्जत तुह्या हातात आहे."

मी काहीच कबूल केलं नाई. ड्रम लावायले गेली.

सहा वाजता ऊन उतरलं. खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत मेघा होती, तिचे आईवडील, बाजूले तिचा भाऊ. आमची आई कडेले. आष्टीवरून धुरपता आत्याबी आली होती, अन् तिच्या अंगावर हिरवी साडी होती. कडक घड्या पडलेली, पेटीतून काढलेली. मले कोणी काही सांगायची गरज राह्यली नाई.

आदेशनं माईक माह्याकडं आणून देल्ला. मी ड्रमच्या मागंच बसून बोलली.

"हे अण्णाजी लॉन. इथं पहिले वांगे होते, सांबार होता, भेदरं होती. आमच्या बँडचं नाव इथलंच आहे. स्टेजच्या मागं तुम्ही झोपाळ्यावर बसून फोटो काढता ना, त्याच्या खाली जाळी आहे, अन् जाळीखाली विहीर आहे. ती माह्या आजानं खोदली. माह्या बाबानं त्या पाण्यावर सारी जिंदगी भाजीपाला पिकवला. माह्या आत्यानं आपला हिस्सा सोडला, कारण तिच्या भावानं तिले समोर बसून मांगतला. ती इथं बसली आहे. तिच्यासाठी टाळ्या."

टाळ्या झाल्या. आत्या हलली नाई. शुभम खुर्चीच्या दांड्याले धरून उभा होता.

मंग मी फोन काढला अन् फेरफार वाचला. जसाच्या तसा, दोन नावांसकट. "नैसर्गिक प्रेमापोटी" हे दोनदा वाचलं. "व विनामोबदला."

फोन ठेवला. "विनामोबदला हे चूक लिहिलं आहे," मी म्हणलं. "मोबदला भेटला. हा."

अन् पायानं बेस ड्रम वाजवला. एकदाच.

कोणी टाळी वाजवली नाई. मेघा तिच्या बाजूले बसलेल्या भावाकडं पाहून राह्यली होती. मी काड्या उचलल्या, चार मोजले, अन् आम्ही अख्खा कार्यक्रम वाजवला, एक गाणंबी गाळलं नाई. एकाबी तालाले मी चुकली नाई. आचल नंतर म्हणे का तिले माह्याकडं पाहायचं भेव वाटत होतं.

शेवटचं गाणं झालं अन् लोकं मुकाट्यानं निघाले. मेघाच्या वडलानं शुभमले नमस्कार केला, पण बसला नाई. केक तसाच डब्यात होता. आदेश ड्रम खोलायले आला तं मी म्हणलं, "राहू दे."

शुभम स्टेजजवळ आला. डोळे लाल होते. "झालं मन शांत? घेऊन जा तुहा सेट."

मी खाली उतरली अन् त्याच्या समोर उभी राह्यली. आई होती, आत्या होती, आचल अन् आदेश होते. मी म्हणलं, "दादा, आता मांग. अजूनबी मांग. म्हण, मोहिनी, देतं काय? मी आत्ता सगळ्याईसमोर देते. केस नाई करत, कोर्टात नाई जात. ड्रमबी घेऊन जाते घरी, अन् त्याच्यातली तारीख तशीच ठेवते. फक्त एकदा इचार."

खरं सांगते, मले वाटलं होतं तो इचारंन. दोन शब्द आहेत. आत्या त्याच्याकडं पाहून राह्यली होती, जशी ती कधीकाळी आष्टीच्या ओसरीत माह्या बापाकडं पाहत असंन. शुभमनं तोंड उघडलं. मंग त्यानं लॉनकडं पाह्यलं, लायटींकडं पाह्यलं, अन् म्हणे, "जे झालं ते कायद्यानं झालं."

"बरं," मी म्हणलं.

काड्या तेवढ्या पिशवीत टाकल्या. त्या मी ट्यूशन घेऊन घेतल्या होत्या. आत्यानं माहा हात धरला अन् आम्ही गेटमधून निघालो. मागून आई म्हणे, "अवं, थे ढोल राह्यलं ना!"

मी वळून म्हणलं, "साडी आहे थे, आई. त्याच्या बायकोले नेसायले दे."